तालमीत न बोललेलं वाक्य

"चार मिनिटं! चार मिनिटं ती पोरगी नुसती बोलणार? तेही कपडे घालून?"

"कोट घालून. हातमोजेसुद्धा असतील हातात."

"अहो बाई, बेचाळिसाव्या रस्त्यावरच्या असल्या थिएटरात भरदुपारी ओव्हरकोट मांडीवर घेऊन जो माणूस खुर्चीत बसतो ना, तो भाषणं ऐकायला येत नाही."

"मग नाटक कशाला घेतलंस, गस? नुसता पलंग घ्यायचा होतास."

"पलंग सगळ्यांकडे आहे! नाटक माझ्या एकट्याकडे आहे!"

"तेच म्हणतेय मी. नाटक आहे, तर मग त्याला शेवट हवा."

गस कारासने दोन्ही हात वर केले आणि स्वयंपाकघराच्या छताकडे पाहिलं. घर न्यू रोशेलमधल्या एका दातांच्या डॉक्टरचं होतं. डॉक्टर आणि त्याची बायको फ्लोरिडाला गेले होते, आणि आपल्या घरात गाद्यांच्या जाहिरातीचं चित्रीकरण चाललंय अशी त्यांची समजूत होती. ते उद्या सकाळी परतणार होते. कॅमेऱ्यासाठी फिल्मचा एकच डबा उरला होता आणि त्या डब्यात काय भरायचं यावरून हे भांडण पेटलं होतं. गसला अजून एक पलंगाचा प्रवेश हवा होता, इर्मा स्लोकमला नाटकाचा शेवट.

"वकील काय म्हणाला होता तुला?" इर्माने विचारलं.

गस खिशात सिगारेटचं पाकीट शोधायला लागला.

"सांग की. मिल्टलाही कळू दे."

"म्हणाला," गस पुटपुटला, "पोलिसांनी पिक्चर उचललं तर कोर्टात दाखवता आलं पाहिजे, की ही कलाकृती आहे. गाजलेलं नाटक आहे."

"मग जज्जाला काय दाखवशील? पलंग?"

दिग्दर्शक मिल्ट दारात उभा राहून बटर लावलेला पाव खात होता. पाव तोंडात तसाच ठेवून तो म्हणाला, "एक टेक, गस. एकच. जमलं तर जमलं."

"एक," गस म्हणाला. "आणि पोरगी चुकली, तर मी माझ्या मनासारखा शेवट जोडणार. मग रडायचं नाही."

१९७४ सालच्या न्यूयॉर्कात नाटकवाल्यांना असली कामं करायला फार लांब जावं लागत नव्हतं. संध्याकाळी एखाद्या तळघरातल्या रंगमंचावर फुकट ग्रीक शोकांतिका करायची, आणि दिवसा कुणाच्या तरी रिकाम्या घरात असलं पिक्चर. यात सगळे खोट्या नावाने वावरायचे. लोर्ना हॅगर्टी नायिकेचं काम करत होती. ती पिक्चरच्या नावांच्या पाटीवर 'शेरी व्हॅलेंटाइन' होणार होती. नवऱ्याचं काम करणारा बर्नार्ड म्हातारा, गुडघेदुखीने बेजार, आयुष्यभर राजे आणि बिशप केलेला. त्याने पाटीसाठी आपल्या घरमालकाचं नाव दिलं होतं. "भाडं वाढवतो काय लेकाचा," तो म्हणायचा, "आता त्याच्या आईला बघू दे."

इर्माला मात्र कुणी नावच विचारलं नव्हतं. तिलाही त्यात काही गैर वाटलं नव्हतं. ती प्रॉम्प्टर, विसरलेलं वाक्य विंगेतून नटाला कुजबुजून सांगणारी. नाटकाच्या जाहिरातीत केस विंचरणाऱ्याचं नाव असतं, फर्निचर पुरवणाऱ्याचं असतं, प्रॉम्प्टरचं नसतं. मिसेस थेअरच्या फिरत्या कंपनीत तिने अर्धं आयुष्य विंगेत काढलं. ओहायो, इंडियाना, कुठल्या कुठल्या गावांतली थंडगार नाट्यगृहं, आणि ती आपली पडद्याच्या कडेला स्टुलावर, मांडीवर संहिता. मग कंपनी बंद पडली. दोन वर्षं ती सनीसाइडमधल्या खोलीत फोनची वाट पाहत बसली. फोन आला तो मिल्टचा: "इर्मा, ते खाणावळीचं नाटक तुला पाठ आहे ना? सगळं?"

ते नाटक कुणाला माहीत नाही? समुद्राकाठची खाणावळ, तिचा म्हातारा मालक, त्याची तरुण बायको व्हेरा आणि एकामागून एक येणारे पाहुणे. शाळेत ते वाचतात, चर्चच्या हॉलमध्ये हौशी मंडळी ते करतात. नाटकात पाहुण्यांच्या खोल्यांची दारं बंद होतात आणि पडदा पडतो. गसच्या पिक्चरमध्ये ती दारं बंद होत नव्हती, एवढाच काय तो फरक. शेवटच्या अंकात व्हेरा कोट घालून दारात उभी राहते, पाठमोरी, आणि सगळं सांगून टाकते. कोण आला, कोण गेला, कुणी काय कबूल केलं होतं. म्हातारा हादरून विचारतो, "मग तुला हवंय तरी काय?" त्यावर ती मान न वळवता एकच वाक्य बोलते आणि निघून जाते. पडदा.

"मी ते पलंगबिलंग बघणार नाही," इर्माने मिल्टला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तो म्हणाला, "बघायला कोण सांगतंय? तू ऐक." मग ती शेजारच्या खोलीत पाठ करून बसायची आणि ऐकायची. विंगेतून तिला कधीच नीट दिसलं नव्हतं; माणूस पुढचं वाक्य विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे ती श्वासावरून ओळखायची. इथेही तेच. प्रवेश संपला की आतून तिचा आवाज यायचा, "बर्नार्ड, तू वाक्याआधी श्वास घेतलास. नवरा श्वास घेऊन खोटं बोलत नाही." आणि चादर गुंडाळलेला बर्नार्ड ओरडायचा, "बाई, माझा गुडघा निखळलाय इथे!"

तर, तो शेवटचा प्रवेश.

सकाळपासून त्यांनी दिवाणखान्यात तालीम केली होती. लोर्ना दाराशी, बर्नार्ड खुर्चीत, आणि स्वयंपाकघराच्या दाराआड इर्मा. लोर्ना सव्वीस वर्षांची होती, नेब्रास्कातून आलेली. तिचा आवाज खालचा, किंचित खरखरीत. ती भाषण करत करत शेवटाला यायची, बर्नार्ड विचारायचा, "मग तुला हवंय तरी काय?" आणि लोर्ना थांबायची. मग मिल्ट म्हणायचा, "आणि मग ते. छान. पुन्हा एकदा."

कॅमेरामन डेक्स्टर टीव्हीच्या बातम्यांतून आला होता; हे नाटक माहीत नसलेला तो एकटाच. दुसऱ्या तालमीनंतर त्याने विचारलं, "'ते' म्हणजे काय? ती काय बोलते पुढे?"

"ते तालमीत बोलत नाहीत," बर्नार्डने लहान मुलाला समजवावं तसं सांगितलं.

"का?"

"नाटकाचं शेवटचं वाक्य प्रेक्षकांशिवाय बोललं, की नाटक पडतं."

डेक्स्टरने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला कुणी हसताना दिसलं नाही. एका नटाने तालमीत शेवटचं वाक्य बोलून टाकलं आणि पहिल्याच प्रयोगाला नाट्यगृहाचं छत गळायला लागलं, ही गोष्ट इर्माने शपथेवर सांगितली. मिसेस थेअरच्या कंपनीत हा नियम सगळ्यात कडकपणे पाळायची ती इर्माच. संहितेत त्या वाक्यावर ती कागदाची पट्टी डकवून ठेवायची, चुकूनही तोंडातून जाऊ नये म्हणून.

उन्हं उतरायला लागली. गस घड्याळाकडे बघत जिन्यावर बसला होता. पहिल्या दिवशी इर्माची कुजबुज माइकमध्ये शिरल्यामुळे ध्वनिमुद्रण करणाऱ्या पोराने तिला झापलं होतं. आज तो मुद्दाम येऊन बजावून गेला, "बाई, आज शिंकसुद्धा नाही. एकच डबा आहे."

"मी मेले आहे असं समज," इर्मा म्हणाली.

"सुरू," मिल्ट म्हणाला.

लोर्नाने सुरुवात केली आणि पहिल्या वाक्यालाच इर्माला कळलं, हे आज होणार. गसने जिन्यावर पाय हलवायचे थांबवले. मागच्या बाजूला सिगारेट धरून उभा असलेला दिव्यांचा माणूस ती ओढायची विसरला. लोर्ना ओरडत नव्हती, रडतही नव्हती. भाजीवाल्याशी हिशेब बोलावा तशी बोलत होती, आणि तेच अंगावर येत होतं. एका ठिकाणी तिने थांबून हातमोजा ओढून बसवला. तालमीत तसं ठरलं नव्हतं. दाराआड इर्माचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. कॅमेऱ्याची घरघर चालू होती.

बर्नार्ड अर्धवट उठला. त्याचा आवाज खरंच फाटला. "मग तुला हवंय तरी काय?"

लोर्ना थांबली.

आधी इर्माला वाटलं, काय सुंदर थांबलीय! मग ते थांबणं लांबलं. इर्माने श्वास ऐकला. तो विसरलेल्या माणसाचा श्वास नव्हता. विसरलेला माणूस छातीच्या वरच्या वर धापा टाकतो. हा शांत होता, खालपर्यंत गेलेला. लोर्ना वाट बघत होती. मिल्टने "आणि मग ते" म्हणावं याची वाट बघत होती. सबंध दिवस तिने हेच केलं होतं, नाटकाच्या शाळेत चार वर्षं हेच केलं होतं. समोर प्रेक्षक नव्हते, गल्ल्यावर कुणी तिकीट फाडलं नव्हतं. तिच्या शरीराला ही तालीमच वाटत होती. आजच पहिला प्रयोग आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

बोल, इर्मा मनात म्हणाली. बोल, पोरी.

वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. फक्त ओठ उघडायचे होते. सगळ्या हयातीत तिने इतका वेळ कुणालाही असं टांगून ठेवलं नव्हतं. पण माइक लोर्नाच्या डोक्यावर लोंबकळत होता, आणि आत कुजबुज शिरली की चारही मिनिटं फुकट. मिल्ट बोलेल, ती मनात म्हणाली. मिल्ट तिच्यासारखाच तोंड घट्ट मिटून उभा होता. त्यालाही टेक बिघडवायचा नव्हता. तिने तळहात तोंडावर दाबून धरला.

कॅमेऱ्यात फिल्मचं टोक फडफडायला लागलं.

"संपली," डेक्स्टर म्हणाला. मग अगदी साधेपणाने त्याने विचारलं, "ते वाक्य कुठे गेलं?"

लोर्ना वळली. आधी तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग तिला कळलं आणि तिने हातमोजे घातलेले दोन्ही हात डोक्याला लावले. बर्नार्ड खुर्चीत बसला तो बसलाच. टाळ्या वाजवल्या फक्त गसने.

"वा! काय काम केलंस, शेरी! तो विचारतो, तुला काय हवंय, आणि ती बोलत नाही. गप्प! बस, एवढंच हवं होतं मला."

पुढच्याच आठवड्यात नवव्या अॅव्हेन्यूवरच्या संकलनाच्या खोलीत इर्माने ते पाहिलं. मिल्टने मशीनवर रीळ चढवलं. बर्नार्डचा फाटका आवाज: मग तुला हवंय तरी काय? लोर्नाची पाठ. शांतता. आणि लगेच पलंग, संगीत, समाप्त.

इर्माने त्या छोट्या पडद्यावर बोट ठेवलं.

"हे तिचं उत्तर?" तिने विचारलं.

"गसने जोडलंय. मी नाही."

"मशीन तुझ्या हातात आहे, मिल्ट."

"माझ्या हातात भाड्याची खोली आहे, बाकी काही नाही." मिल्टने कपाळ चोळलं. "शुक्रवारी पिक्चर लागतंय. ऐक, तिची पाठ आहे. ओठ दिसत नाहीत. वाक्य नंतर ध्वनिमुद्रित करून वर टाकता येईल. तूच बोल ना! तुझ्याइतकं ते कुणाला..."

"मी बोलून पाहिलं," इर्मा म्हणाली. "घरी. आरशासमोर. माझ्या गळ्यात फक्त कुजबुज राहिलीय. मोठ्याने बोललं की भांडी पडल्यासारखं वाटतं. आणि भाषण तिने केलंय. वाक्य तिचं आहे."

लोर्ना दिवसा एका कॉफीच्या दुकानात वाढपी होती. इर्मा काउंटरच्या टोकाला बसली तेव्हा ती कॉफीची किटली घेऊन आली, आणि कप हळूच पुढे ठेवत तितक्याच हळू आवाजात बोलली.

"मला इथे भेटायला येऊ नका. प्लीज."

"एकच वाक्य आहे, लोर्ना. अर्धा तास."

"मिसेस थेअर कंपनी पुन्हा उभी करतायत, कळलं ना तुम्हाला? मला मोलकरणीचं काम मिळालंय. खरं काम. सप्टेंबरपासून दौरा. त्यांनी मला समोर बसवून विचारलं, 'तू असल्या फिल्म केल्या आहेस का?' मी नाही म्हटलं. तोंडावर."

"मलाही फोन आला त्यांचा."

"तुम्हाला?" लोर्नाचा चेहरा एकदम खुलला. "परत विंगेत? मग तर तुम्ही याच्या जवळपासही फिरकू नये! सोडून द्या ना, इर्मा. तिथे ऐकायला कोण जातं? विग आहे, नाव खोटं आहे, मी ओळखूही येत नाही. माझा हा आवाज पुन्हा त्यात कशाला घालायचा?"

"गसने पलंग जोडलाय."

"कुठे?"

"म्हातारा विचारतो ना, तुला काय हवंय. त्याच्या पुढे."

लोर्नाने किटली खाली ठेवली. "कुठला पलंग?"

"त्या खलाशी पाहुण्याचा. मधला."

"पण तो खलाशी आहे! हा नवरा आहे!"

"चेहरा दिसत नाही त्याचा. तुझा दिसतो."

पलीकडून कुणीतरी अंड्याचं सँडविच केव्हापासून मागतोय म्हणून ओरडलं. लोर्ना हलली नाही. तिच्या गळ्यावर लाल डाग चढत गेले.

"म्हणजे मी एवढं सगळं बोलले," ती म्हणाली, "आणि त्याचा अर्थ तो?"

इर्माने कप बाजूला सारला.

"मीच थांबले ना पण. मूर्खासारखी. कुणी थांबवलं होतं मला?"

"मी," इर्मा म्हणाली. "पट्ट्या डकवणारी मी."

"किती वाजता यायचं?" लोर्नाने विचारलं.

ध्वनिमुद्रणाची खोली म्हणजे भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे ठोकलेलं एक कपाट होतं. लोर्ना माइकसमोर उभी राहिली, तिने कानांवर हेडफोन लावले, आणि काचेच्या अलीकडे, इर्मा उभी होती त्या खोलीचं दार उघडून गस आत आला. त्याच्या मागे मान खाली घालून मिल्ट. कुणी सांगितलं हे विचारायची गरज नव्हती.

"माझ्या पिक्चरला कोण हात लावतंय?" गस शांतपणे बोलला. तो शांत झाला की जास्त भीती वाटायची. "ठरलं होतं ना बाई? एक टेक. चुकली तर माझा शेवट."

"ठरलं होतं," इर्मा म्हणाली. "तू शब्दाला पक्का आहेस. आता जज्जाला काय सांगशील ते सांग."

"म्हणजे?"

"जज्ज या नाटकाला बायकोबरोबर गेलेला असणार. त्याच्या मुलीने शाळेत व्हेरा केलेली असणार. ते वाक्य न्यूयॉर्कात पाव विकणाऱ्यालाही पाठ आहे, गस. म्हातारा प्रश्न विचारणार, सगळं कोर्ट मनात ते वाक्य म्हणणार आणि तू त्यांना पलंग दाखवणार. तुझा वकील तिथून उठून घरी जाईल."

गसने मिल्टकडे पाहिलं. मिल्टने हळूच मान डोलावली. गस एका खोक्यावर बसला आणि टाय सैल करून विचार करू लागला. तो मूर्ख माणूस नव्हता.

"बरं," तो अखेर म्हणाला. "वाक्य राहू दे. पण मग नाटकच करायचं, तर पुरतं नाटक करू. कोर्टात 'शेरी व्हॅलेंटाइन' उभी करू? हसतील लोक. पाटीवर खरं नाव जाईल: लोर्ना हॅगर्टी, रंगभूमीवरची शिकलेली नटी. वाक्य हवंय? खरं नाव दे. नाहीतर पलंग."

लोर्नाचा हात कानावरच राहिला. काचेआड तिचा चेहरा दिसत होता, पण ती इर्माकडे बघत नव्हती. सप्टेंबरचा दौरा तिच्या डोळ्यांसमोरून जात होता, हे इर्माला दिसत होतं. मग तिने ओठ उघडले. ती 'हो' म्हणणार होती.

"माझं घाल," इर्मा म्हणाली.

"काय?"

"नाव. माझं घाल. मोठ्या अक्षरात. इर्मा स्लोकम, थेअर कंपनीची प्रॉम्प्टर, याच नाटकाची. कोर्टात शब्दन् शब्द तोच आहे हे शपथेवर सांगायला नटी नको तुला, मी हवी. नटीला कोण खरं मानतं?"

गस खोक्यावरून उठला. "तुम्ही येणार? साक्षीला? वर्तमानपत्रवाले असतात तिथे, बाई. फोटो काढतात."

"मग चांगली टोपी घालीन."

"इर्मा, नको," काचेआडून लोर्ना म्हणाली. माइक चालू होता, त्यामुळे ते सगळ्या खोलीभर मोठ्याने ऐकू आलं.

"तू तुझं वाक्य बोल."

"पण तुमचं..."

"लोर्ना. आज पहिला प्रयोग आहे."

मिल्टने मशीन सुरू केलं. छोट्या पडद्यावर दार, कोट, पाठ. बर्नार्डने विचारलं. लोर्ना थांबली, जेवढं थांबायला हवं तेवढंच. मग कुठलाही चढ-उतार न करता म्हणाली:

"हे पहिल्या दिवशी विचारायचं होतं."

मिल्टने मशीन बंद केलं. गसने घसा खाकरला, खिशातून पेन्सिल काढली आणि सिगारेटच्या पाकिटावर नाव लिहून घेतलं. 'स्लोकम'चं स्पेलिंग त्याने दोनदा विचारलं, इर्माने दोनदा सांगितलं. मग ती कोटाची बटणं लावायला लागली.

लोर्ना कपाटातून बाहेर आली ती जवळजवळ धावतच. तिने इर्माची बाही धरली.

"मिसेस थेअरना काय सांगणार तुम्ही? इर्मा? विंगेचं काय? दोन वर्षं वाट बघितलीत तुम्ही त्या फोनची. आज कळलं तर उद्या दुसरी बाई बसवतील तिथे. काय सांगणार त्यांना?"

इर्माने तिची बोटं एकेक करून बाहीवरून सोडवली, तिच्या हातावर हलकेच थापटलं, दार उघडलं आणि जिना उतरून गेली.